डावीकडची मोकळी जागा

शनिवार, ३ जानेवारी १९८७

आज शाळा सकाळची. दुपारी स्टुडिओत जाऊन बसले. जामनेरचे जीवराम नावाचे गृहस्थ आले होते. बायको दिवाळीनंतर वारली. "तिचा एकबी फोटो नाही हो भाऊ!" पिशवीतून कोणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो काढला आणि मागच्या रांगेत बोट ठेवलं. तिळाएवढं तोंड!

ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "होईल. साडी कोणती घालू?" जणू बाई आत बसल्या आहेत आणि तयार व्हायच्या आहेत. जीवरामांनी हिरवी सांगितली. फोटो काळा-पांढरा, तरी हिरवी! आणि शेवटी हळूच, "मला तिच्याशेजारी बसवता येईल का?"

येईल. आमच्या ह्यांना सगळं येतं. एकाला इथून कापतील, दुसऱ्याला तिथून, जोडावर टचिंगची रंगाची काडी फिरवतील, की जन्मभर शेजारी बसल्यासारखे दिसतील. अर्ध्या जिल्ह्याची जोडपी ह्यांनी अशी जुळवली. आणि आमचा दोघांचा मिळून एक फोटो घरात नाही! पंचवीस वर्षं होतील येत्या वीस मेला.

रविवार, ४ जानेवारी

कालचं मनातून जाईना म्हणून ट्रंकेतून लग्नाचे फोटो काढले. एकूण पाच. पाचांतही मी एकटी.

हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. माझं लग्न दोंडाईचाला. तेव्हा हे रतिलाल शेठच्या स्टुडिओत कामाला होते. शेठ स्वतः फोटो काढायला येणार होते, पण धुळ्याहून येणारी गाडी वाटेत बंद पडली. कॅमेरा आदल्या दिवशीच ह्यांनी आणून ठेवलेला. मग काय! बुद्धवंदना झाली, हार घालून झाले, आणि नवरदेव गळ्यातल्या हारासकट काळ्या कापडाखाली शिरले. माझे मामा म्हणाले होते, "पावनं, लग्न तुमचंच शे ना?"

त्यातला एक फोटो तर बघवत नाही. मी पांढऱ्या साडीत, उजव्या बाजूला, दोन्ही हातांत हार उंच धरून. ह्यांनीच ओरडून सांगितलेलं, "हार पुन्हा धर! डावीकडे बघ! थोडं वर!" मी बघतेय. डावीकडे कोणी नाही. अर्धा फोटो नुसती भिंत. एवढा मोठा फोटोग्राफर, पण स्वतःच्या बायकोला मध्यभागी आणता आलं नाही! पंचवीस वर्षं ह्यावरून चिडवते. हे नुसते हसतात.

आज हसू आलं नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर आम्हालाही कोणीतरी असंच कापून शेजारी बसवणार. मला चिकटवलेला नको. जिवंतपणी काढलेला, दोघांचा खरा फोटो हवा. ह्या वर्षी हवाच.

बुधवार, ७ जानेवारी

विषय काढला. "त्यात काय, टायमर लावून काढू की." गेली दहा वर्षं हा टायमर दुरुस्त व्हायचा आहे.

मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून काढू. गावात काय स्टुडिओ कमी आहेत? ह्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरं लग्न करते म्हणाले असं वाटावं!

रविवार, ११ जानेवारी

युक्ती सापडली. फोटोचा कागद विकायला येणारे एक सेल्समन आज स्टुडिओत बसले होते. गप्पांत सहज म्हणाले, आग्र्याला ताजमहालावर मुख्तार नावाचे फोटोग्राफर आहेत, फार सुरेख हात. पत्र टाकलं की अख्खी सकाळ तुमच्यासाठी राखून ठेवतात, दुसरं गिऱ्हाईक घेत नाहीत. नंतर फोटो पोस्टाने घरी.

आग्रा! गावात नाही तर आग्र्याला! तिथे ह्यांचा अपमान बघायला ओळखीचं कोण येणार आहे?

शिवाय ताजमहाल ह्यांनी पाहायलाच हवा. स्टुडिओतला ताजमहालाचा पडदा दोंडाईचाच्या चिंधा पेंटरने रंगवलेला. कापड कमी पडलं म्हणून मिनार तीनच, आणि उरलेल्या कोपऱ्यात घुमटाएवढा मोर. पंधरा वर्षं जळगाव त्याच्यासमोर बाकावर बसून फोटो काढतंय. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना ताजमहालाला तीनच मिनार असतात असं वाटतं!

हळूच पत्ता उतरवून घेतला. हिंदीत पोस्टकार्ड लिहिलं. उत्तराला पत्ता शाळेचा दिला, नशिराबादचा. ह्यांना इतक्यात कळायला नको.

शुक्रवार, २३ जानेवारी

मुख्तारभाईंचं उत्तर आलं. पोस्टकार्डच! मी कशी एवढी बावळट? पोस्टमनने वाचलं, शिपायाने वाचलं, आणि मोठ्या बाईंनी तर सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं — "पंद्रह फरवरी, इतवार, सूर्योदय से, केवल आप दोनों के लिए." स्टाफरूममध्ये टाळ्या! एकीने विचारलं, "बाई, तुमच्या साहेबांना ठाऊक आहे ना, की दुसऱ्याच कोणाबरोबर चाललात?"

नशिराबाद ते जळगाव किती लांब? बातमी माझ्याआधी घरी पोचली.

शनिवार, २४ जानेवारी

हे बोलत नाहीत. जेवले. भाजीत मीठ नव्हतं, तेही बोलले नाहीत.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आले तर हे ओट्यावर. "मी मेलो का, म्हणून दुसरा फोटोग्राफर?"

मग मीही बोलले. म्हटलं, मेल्यावर करायची कामं तुम्हाला सगळी येतात. जीवरामांच्या बायकोला हिरवी साडी नेसवलीत. मी आहे तोवर माझ्या शेजारी उभे राहा एवढंच म्हणते. तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या पलीकडे. पोरांच्या बारशाला पलीकडे, वाढदिवसाला पलीकडे. मी म्हातारी झाल्यावर नातवंडं विचारतील, आजी, तुझं लग्न कोणाशी झालं होतं?

आवाज चढला होता. शेजारच्या पार्वताबाई कुंपणाशी येऊन मुद्दाम कपडे झटकू लागल्या.

हे उठले. आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मंगळवार, २७ जानेवारी

यायला तयार! पण अटी आहेत. नवरदेवाने रुसून मानपान मागावा तशा.

एक — फोटो काळे-पांढरेच काढायचे. (अख्खं जग रंगीत काढतंय, आणि हे!) दोन — हे पांढरी पँट आणि पांढरा सदराच घालणार. तीन — एक फोटो हे सांगतील तसा काढायचा, मुख्तारने मध्ये बोलायचं नाही आणि मीही नाही.

मी तिन्ही कबूल केल्या. तिसरी अवघड जाईल.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी — गाडीत

भुसावळहून बसलो. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. ह्यांनी कॅमेरा आणला नाही. आणला नाही! तीनदा पिशवी तपासली. त्याऐवजी शिंप्याची मोजायची पट्टी सापडली. म्हटलं, ही कशाला? "असू दे."

समोरच्या बाकावर एक कुटुंब आहे. हे त्यांच्याकडे एक डोळा बारीक करून बघताहेत. फोटो काढताहेत, नुसत्या डोळ्याने! खोड जाणार नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी — आग्रा

लिहायला किती आहे!

पहाटे फाटकाशी मुख्तारभाई उभे होते. साठीचे, स्वच्छ अचकन, दोन कॅमेरे. "आइए बहनजी." दरवाजातून आत गेलो आणि मी जागीच थांबले. काय सांगू? पडद्यावर रोज पाहिलेला, पण हा एवढा मोठा आणि एवढा शांत! डोळ्यांत पाणीच आलं. हे शेजारी उभे. मी म्हटलं, कसा आहे? ह्यांनी बोट उचलून काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "मिनार चार आहेत."

मग सुरू झालं. मुख्तारभाई कॅमेऱ्यात बघत, आणि हे माझ्या शेजारून उठून त्यांच्यामागे जाऊन उभे! "ऊन आणखी थोडं वर येऊ द्या." "हनुवटी खाली." "पदर." "नहीं नहीं, वो पाइप दिखता है." मुख्तारभाई हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, आप भी फोटो में हैं." हे ओशाळून परत यायचे, बाकावर टेकायचे, आणि बटण दाबायच्या वेळी माझी साडी सारखी करायला वाकायचे. बारा फोटोंचा रोल. मी बोटांवर मोजत होते. पाच झाले, सहा झाले. मुख्तारभाईंनी घुमटाचा शेंडा चिमटीत धरायला सांगितलं. ह्यांनी अशा नजरेने पाहिलं की त्या बिचाऱ्याने पुन्हा नाव काढलं नाही.

मग ह्यांचा तो एक फोटो. पट्टी बाहेर निघाली! कॅमेऱ्यापासून माझ्यापर्यंत मोजलं. स्टँड कमरेएवढा खाली करायला लावला. ऊन डावीकडून हवं म्हणून अर्धा तास थांबलो. मला उजवीकडे उभं केलं. आणि स्वतः डावीकडे, दोन हात अंतरावर, माझ्याकडे तोंड करून — मान खाली!

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर मान खाली घातली, तीही ताजमहालावर, शंभर लोकांसमोर! बंगाली बायकांचा एक घोळका चालला होता, त्या हसून हसून थांबल्या. मी म्हटलं, अहो, काय चुकलं तुमचं? "हलू नकोस," हे मानही न उचलता म्हणाले. मुख्तारभाई आधी गोंधळले. मग ह्यांच्याकडे बघत राहिले, नि काहीच न विचारता त्यांनी बटण दाबलं. फोटोग्राफर फोटोग्राफरला ओळखतात वाटतं.

संध्याकाळी पेठा घेतला.

गुरुवार, १२ मार्च

आग्र्याहून काही नाही. हे रोज पोस्टमनला चहा पाजतात. जायलाच तयार नसलेला माणूस!

सोमवार, २३ मार्च

आले.

बारा फोटो. चारांत मी एकटी. तिघांत ह्यांची पाठ. दोघांत माझ्याकडे येणारा हात, नुसता हात. एकात ह्यांचा बूट. एकात दोघं आहोत पण हे उन्हाकडे बघून डोळे मिटलेले. पुन्हा तेच! दोंडाईचाला जे झालं तेच आग्र्याला!

एकच चांगला. तो मान खाली घातलेला. दोघं डोक्यापासून पायांपर्यंत, अगदी स्पष्ट. मी कॅमेऱ्याकडे बघून हसू दाबतेय आणि हे शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे. मागे ताजमहाल. मघाशी रागाने बाजूला ठेवला होता. आता पाचव्यांदा बघतेय. चांगला आहे. खूप चांगला आहे. पत्राच्या शेवटी मुख्तारभाईंनी लिहिलंय, "यह तस्वीर मेरी नहीं, भाईसाहब की है."

ट्रंकेत लग्नाच्या फोटोंवर ठेवला. मिळाला एकदाचा मला माझा फोटो.

रविवार, १२ एप्रिल

धुळ्याच्या वन्सं आल्या, लिलाबाई. मी मोठ्या हौसेने फोटो दाखवले. त्यांनी बाकावरचा एक डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "हाऊ ते भाऊना दुकानना पडदा शे! माले काय येडी समजतीस?"

मी म्हटलं, अहो वन्सं, मिनार मोजा, चार आहेत.

"मंग नवा पडदा लया व्हई!"

पार्वताबाईंनाही तसंच वाटतं, हे आज कळलं. गल्लीतल्या एकाचाही विश्वास नाही. भाऊ-वहिनी चार दिवस कुठेतरी गेले नि घरी येऊन पडद्यापुढे बसले! पेठा सगळ्यांनी खाल्ला, तरीही!

हे स्टुलावर बसून पोट धरून हसत होते. ह्यांच्याच पडद्याने ह्यांचं नाक कापलं, आणि हेच हसतात.

बुधवार, ६ मे

शाळेला सुट्टी. हे रोज सकाळपासून डार्करूममध्ये. लग्नसराई आहे, कामं असतील. मी डबा दारात ठेवते. दार उघडत नाहीत, "ठेव" म्हणतात. आतून टचिंगच्या रंगाचा वास.

रविवार, १० मे

आज लिहवत नाही, तरी लिहिते.

स्टुडिओ झाडायला गेले. हे बाहेरच्या एका लग्नाला गेलेले. डार्करूमच्या टेबलावर, ब्लेडशेजारी, माझा फोटो. आग्र्याचा. तो एकच चांगला.

त्यातून ह्यांनी स्वतःला कापून काढलं होतं. डोक्यापासून बुटापर्यंत, अगदी काठाकाठाने, जसं त्यांना येतं तसं. मी हसू दाबत उभी, आणि शेजारी माणसाच्या आकाराचं भोक. भोकातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

घरी येऊन ट्रंक पाहिली. खरंच तोच. दुसरी प्रत नाही.

संध्याकाळी विचारलं. "काम होतं," म्हणाले. काम! कोणत्या जीवरामाच्या शेजारी बसायचं होतं? मी एवढंच मागितलं होतं ना? पंचवीस वर्षांत साडी नाही, सोनं नाही, एक फोटो. तोही ह्यांना नांदवता आला नाही.

मंगळवार, १२ मे — धुळे

सकाळच्या एस.टी.ने वन्संकडे आले. कारण विचारलं तर म्हटलं, सुट्टी आहे.

शुक्रवार, १५ मे — धुळे

शेवटी सांगून टाकलं. वाटलं, त्या भावाचीच बाजू घेतील. वन्सं पोळी लाटता लाटता थांबल्या. "भाऊनी सोता कापा?"

हो म्हटलं.

"मंग त्याले ईचार ना, कापेल भाऊ कोठे ग्या!"

मी रागाने म्हटलं, गेला असेल केरात. पण रात्रभर तेच डोक्यात. खरंच, कापलेलं टेबलावर नव्हतं. मी भोकच पाहिलं. माणूस शोधलाच नाही.

मंगळवार, १९ मे

जळगावला परत. हे एस.टी. स्टँडवर आले होते, बोलावलं नसताना. पिशवी घेतली. बोटांवर काळे डाग. मी काही विचारलं नाही. उद्या विचारीन.

बुधवार, २० मे १९८७

उशाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम.

दोंडाईचाचा फोटो. तोच. मी एकोणीस वर्षांची, हार उंच धरून डावीकडे बघतेय. आणि डावीकडे हे! पन्नाशीचे, टक्कल पडलेले, चष्मा लावलेले, पांढऱ्या सदऱ्यात, माझ्यासमोर मान वाकवून. हार बरोबर त्यांच्या गळ्यात. जोड कुठे दिसत नाही. मी बोट फिरवून पाहिलं.

म्हणाले, "फोटोवरून फोटो काढून, कॉपीवरून केलं असतं तर चेहरा पिठूळ, पुसट आला असता. म्हणून तोच कापला. मुख्तारला पत्र टाकलंय, दुसरा येईल."

मी विचारलं, ही जागा तेव्हा...

"मुद्दाम ठेवली होती. दुसऱ्या दिवशी शेठकडून माझा काढून घेऊन इथे जोडणार होतो. ते म्हणाले, फिल्म गिऱ्हाइकासाठी असते. मग राहूनच गेलं. माझा फोटो कोण काढणार?"

मग माझ्याकडे न बघता, फ्रेमची काच पुसत म्हणाले, "पंचवीस वर्षं हार धरून उभी आहेस. हात दुखले असतील."

दुखले होते.